दिवाळ्यातून उभा राहिलेला माणूस : जमशेटजी टाटा

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ज्याचा कापसाशी काहीच संबंध नाही असे घर विरळाच. कोणाचे शेत आहे, कोणाचा अडतीचा धंदा, कोणाचे वडील जिनिंगमध्ये कामाला होते. त्यामुळे भाव चढला की घरात येणारा आनंद आणि भाव पडला की येणारी शांतता, दोन्ही आपण लहानपणापासून पाहिलेली असतात. देणे फिटत नाही म्हणून माणसाने लोकांना तोंड दाखवायचे टाळणे हेही आपण पाहिलेले असते. ‘दिवाळे निघाले’ हे शब्द आपल्याकडे हळू आवाजात उच्चारले जातात. जणू ती एखादी कुळाला लागलेली काळिमाच.

अशा वेळी एका माणसाचे चरित्र मुद्दाम आठवावेसे वाटते. जमशेटजी नसरवानजी टाटा हे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी सापडणार नाही. जमशेदपूरचा पोलाद कारखाना, मुंबईचे ताजमहाल हॉटेल, बंगलोरची विज्ञानसंस्था या गोष्टी त्यांच्या नावाशी कायमच्या जोडल्या गेल्या आहेत. परंतु या थोर उद्योगपतीच्या आयुष्याचा आरंभ एका दिवाळ्यापासून झाला, आणि पुढे बुडालेल्या किंवा बुडू पाहणाऱ्या गिरण्या सावरण्यातच त्यांच्या उमेदीची बरीच वर्षे गेली, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी बडोदे संस्थानातील नवसारी येथे झाला. घराणे पारशी धर्मगुरूंचे. वडील नसरवानजी यांनी परंपरेची वाट सोडून मुंबईत व्यापार सुरू केला. तेराव्या वर्षी जमशेटजी मुंबईत आले, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८५८ च्या सुमारास शिक्षण संपवून वडिलांच्या पेढीत दाखल झाले. १८५९ च्या अखेरीस त्यांना हाँगकाँगला पाठविण्यात आले. कापूस व अफू पूर्वेकडे धाडायची आणि तिकडून चहा, रेशीम आणायचे, असा त्या काळच्या मुंबईच्या व्यापाऱ्यांचा रिवाज होता. टाटांची पेढीही त्याला अपवाद नव्हती.

इतक्यात १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी गाद्या उसवून त्यांतला कापूससुद्धा विकला असे सांगतात. मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी निघू लागली. समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्यांचे भाग मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकले जाऊ लागले. या तेजीचा राजा होता प्रेमचंद रायचंद. नसरवानजींची पेढीही या प्रवाहात होती. लंडनमध्ये एक हिंदी बँक उघडावी अशी योजना निघाली आणि १८६४ च्या अखेरीस पंचवीस वर्षांच्या जमशेटजींना त्या कामासाठी विलायतेस पाठविण्यात आले. बरोबर भांडवल म्हणून होती ती मुख्यतः कापसावर काढलेली बिले.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचा भाव कोसळला. ज्या कापसाच्या भरवशावर बिले लिहिलेली होती, त्या कापसालाच गिऱ्हाईक उरले नाही. मग त्या कागदांना कोण विचारणार? मुंबईत एकामागून एक पेढ्या बसल्या, बँका बुडाल्या, लक्षाधीश एका रात्रीत कफल्लक झाले. बँक उघडायला गेलेले जमशेटजी परक्या देशात, परक्या लोकांत, देणेकरी होऊन बसले.

अशा वेळी माणसापुढे दोन वाटा असतात. आज नाही उद्या भाव चढेल या आशेवर खरा आकडा लपवून दिवस काढायचे, ही पहिली. बहुतेक जण हीच धरतात आणि म्हणूनच बुडतात. कारण लपविलेल्या देण्यावर व्याज चढत राहते आणि धनकोचा विश्वास मात्र उतरत राहतो. जमशेटजींनी दुसरी वाट धरली. ते स्वतः होऊन धनकोंकडे आणि बँकांकडे गेले आणि पेढीची खरी स्थिती त्यांच्यापुढे उघडी केली. त्यांच्या सरळपणाची छाप अशी पडली की धनकोंनी दरमहा २० पौंड वेतनावर त्यांनाच पेढीच्या व्यवहाराचे अवसायक नेमले.

या गोष्टीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. अवसायक म्हणजे बुडालेल्या धंद्याचे येणे वसूल करणारा, माल विकणारा आणि हाती येईल तो पैसा धनकोंना देणारा इसम. साहजिकच या जागी तिऱ्हाईत माणूस बसवतात, कारण बुडालेल्या मालकावर कोणाचा विश्वास नसतो. येथे मात्र मालकाच्या मुलालाच ते काम सोपविले गेले. इकडे मुंबईत नसरवानजींनी देणी भागविण्यासाठी राहते घर विकले. पेढीजवळचा पैसा गेला, परंतु पत राहिली; आणि पुढे सारे काही उभे राहिले ते या पतीवर.

विलायतेतील या मुक्कामात जमशेटजींनी लँकेशायरच्या कापडगिरण्याही जवळून पाहिल्या. कापूस उत्पन्न करणारा देश कच्चा माल स्वस्तात विकतो आणि कापड महागात घेतो, हे त्यांच्या मनात तेव्हा ठसले असले पाहिजे. मायदेशी परतल्यावर १८६७-६८ च्या ॲबिसीनियाच्या मोहिमेत सैन्याला सामान पुरविण्याचा मक्ता ज्या व्यापाऱ्यांना मिळाला त्यांत टाटा होते, आणि त्या नफ्याने घराची घडी बसली. १८६८ साली जमशेटजींनी २१,००० रुपये भांडवलावर स्वतःची पेढी काढली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मुंबईत चिंचपोकळीला दिवाळे निघालेली एक तेलाची गिरणी विकत घेतली, तिची सूतगिरणी केली, अलेक्झांड्रा मिल असे नाव दिले आणि दोन वर्षांनी ती नफ्यात विकून टाकली. जी वास्तू एका धंद्यात मेली ती दुसऱ्या धंद्यात जगू शकते, हा पहिला धडा त्यांनी येथे गिरविला.

यानंतर ते वळले आपल्या मुलखाकडे. गिरण्या मुंबईत काढायच्या हा त्या वेळचा शिरस्ता. जमशेटजींनी उलटा विचार केला. कापूस पिकतो वऱ्हाड-नागपुराकडे, दगडी कोळसा वणीपलीकडे वरोऱ्याला निघू लागला आहे, रेल्वे नागपूरपर्यंत आलेली आहे. मग गिरणी तिकडेच का नको? १८७४ साली त्यांनी १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी स्थापन केली. नागपुरात जुम्मा तलावाजवळ दलदलीची जागा स्वस्तात मिळाली, ती भरून काढण्याचे काम सुरू झाले. तेथील एका सावकाराने, सोने मातीत घालणाऱ्या माणसाला कर्ज देणार नाही म्हणून नकार दिला आणि पुढे याच माणसाने मातीतून सोने काढले अशी कबुलीही दिली, अशी हकीकत सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून नाव पडले एम्प्रेस मिल.

आरंभी या गिरणीचीही दशा चांगली नव्हती. यंत्रे घेताना किंमत पाहिली गेली, गुणवत्ता नाही. परिणामी सूत हलके निघू लागले आणि कंपनीच्या भागांचा भाव उतरला. दुसरा कोणी असता तर खर्च कमी करण्याच्या नावाखाली मजुरी कापून मोकळा झाला असता. जमशेटजींनी रोग कोठे आहे ते पाहिले. रोग यंत्रांत होता, म्हणून तोटा असतानाही पैसा घालून चांगली यंत्रे आणली. पुढे १८८३ च्या सुमारास त्यांनी रिंग पद्धतीच्या नव्या चात्यांचा प्रयोग केला. लँकेशायरवाले त्या वेळी या चात्यांबाबत अजून साशंक होते. व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमले. बेझनजी रेल्वेच्या मालखात्यातून आलेले, गिरणीचे ज्ञान शून्य. परंतु माणसे आणि हिशेब सांभाळण्याची त्यांची हातोटी जमशेटजींनी हेरली होती. तांत्रिक बाजू ब्रुक्सबी नावाच्या इंग्रज जाणकाराकडे होती.

दुसरा रोग होता गैरहजेरीचा. शेतीच्या हंगामात मजूर गावी निघून जात आणि यंत्रे रिकामी राहत. त्यावर दंडाचा बडगा न उगारता जमशेटजींनी माणसाला गिरणीत राहावेसे वाटेल अशी व्यवस्था करण्याकडे लक्ष दिले. चांगल्या कामाबद्दल बक्षिसे दिली, १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी काढला, १८९५ पासून अपघाताची भरपाई सुरू केली. त्या काळाचे चित्र मात्र रंगवून सांगू नये. प्रौढ पुरुष कामगारांच्या कामाच्या तासांवर १९११ पर्यंत कायद्याचे बंधनच नव्हते आणि गिरणीतला दिवस फार लांब असे. तरीही, बुडणारा धंदा मजुराच्या ताटातून घास काढून वाचवायचा नसतो, ही जाण त्यांच्या कारभारात स्पष्ट दिसते.

खरी कसोटी लागली १८८६ साली. मुंबईजवळ कुर्ल्याची धरमसी मिल ही मोठी गिरणी बंद पडलेली होती. उभारणीच्या खर्चाच्या मानाने अगदी थोड्या, म्हणजे साडेबारा लाख रुपये किमतीत जमशेटजींनी ती घेतली आणि तिचे नाव स्वदेशी मिल ठेवले. स्वस्तात मिळालेली ही वस्तू फार महाग पडली. यंत्रे जुनी व झिजलेली, माल खराब, बाजारात नाव बदनाम. भागांचा भाव घसरत गेला, बँका हात आखडू लागल्या आणि टाटांच्या पतीविषयीही कुजबुज सुरू झाली. एकदा दिवाळे पाहिलेल्या माणसाला त्या कुजबुजीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जमशेटजींनी एम्प्रेस मिलमधले स्वतःचे काही भाग विकले आणि तो पैसा कुर्ल्यात घातला. नागपुराहून अनुभवी माणसे आणली. जुनी यंत्रे टप्प्याटप्प्याने काढली, सुताचा दर्जा वाढविला. काही वर्षांनी स्वदेशीचे सूत चीनच्या बाजारात मानाने विकले जाऊ लागले.

मात्र प्रत्येक बुडता धंदा वाचवायचाच असा त्यांचा हट्ट नव्हता. चीनकडे जाणाऱ्या सुतावर पी. अँड ओ. ही विलायती बोट कंपनी भारी नोर आकारी. तिला शह देण्यासाठी १८९३ साली त्यांनी जपानी कंपनीच्या साहाय्याने टाटा लाइन सुरू केली. पी. अँड ओ. ने नोर इतका खाली आणला की हिंदी व्यापारीच तिकडे वळले. पाण्यात पैसा ओतत राहण्यात अर्थ नाही हे दिसताच जमशेटजींनी बोटी परत केल्या आणि तोटा सोसून तो व्यवहार बंद केला. गिरणीचा रोग गिरणीच्या आत होता, तो त्यांना बरा करता आला. बोटींचा रोग बाहेरच्या सत्तेत होता. हा फरक ज्याला कळतो तोच खरा वैद्य.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले. पोलादाचा कारखाना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. तो १९०७ साली त्यांच्या मुलाने, दोराबजींनी स्थापन केला. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत, १९२४ साली, तोच कारखाना बंद पडण्याच्या बेतात आला. तेव्हा दोराबजींनी आपली सारी खाजगी संपत्ती, पत्नीच्या दागिन्यांसह, इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवून कर्ज उभारले आणि कारखाना वाचविला. वडिलांनी विलायतेत राखलेली पत मुलाने अशी पुढे चालविली.

ज्या गिरण्या त्यांनी सावरल्या त्या अमर झाल्या असे मात्र नाही. नागपूरची एम्प्रेस मिल १९८६ साली टाटांनी बंद केली. मग काही वर्षे राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाने ती चालविली आणि अखेर २००२ साली तिचा भोंगा कायमचा थांबला. त्या जागेवर पुढे दुकानांचे भव्य संकुल उभे राहिले. कुर्ल्याची स्वदेशी मिलही गेली. धंद्यालाही माणसासारखे आयुष्य असते. त्याने किती वर्षे काढली यापेक्षा अडचणीच्या दिवसांत तो कसा वागला, धनको, भागीदार आणि मजूर यांना काय सांगितले, हे महत्त्वाचे.

आज आजारी कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदे आहेत. १९८५ साली एक कायदा झाला, २०१६ साली नादारी व दिवाळखोरीची संहिता आली. ठरावीक मुदतीत खरा हिशेब धनकोंपुढे यावा, धंदा जगण्यासारखा असेल तर तो योग्य हाती जावा, नसेल तर नीट आवरावा, असा त्या संहितेचा हेतू आहे. जमशेटजींनी १८६५ साली कोणी सक्ती केली नसताना हेच केले होते.

मित्रांनो, आपल्यापैकी कोणी उद्या दुकान काढील, कोणी सहकारी संस्थेचा हिशेब पाहील, कोणी वडिलांच्या शेतीवरचे कर्ज अंगावर घेईल. तोटा कोणाला चुकलेला नाही. तो आला तर जमशेटजी आठवावेत. ते पुढे मोठे झाले म्हणून नव्हे. सव्विसाव्या वर्षी, हाती काहीही नसताना, ते वही उघडी करून देणे असलेल्या माणसासमोर जाऊन बसले म्हणून.