रमीला डोक्याचा खेळ ठरवणारे न्यायमूर्ती नागपूरच्या कोर्टात घडले होते

भिवंडीत एखाद्या गाळ्यावर धाड पडते, चार-सहा जण पत्ते आणि पैशांसकट सापडतात. गुन्हा लागतो तो १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला कायदा, महाराष्ट्रात आजही चालू. त्यातलं १३ वं कलम मात्र सांगतं की, निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. म्हणून कोर्टात खरा प्रश्न येतो तो खेळ कोणता होता याचा. तीन पत्ती की रमी?

या दोन खेळांमध्ये कायद्याची रेघ ज्यांनी ओढली ते न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला.

जन्म १७ डिसेंबर १९०५, लखनौचा. वडील विलायतुल्ला सरकारी अधिकारी आणि उर्दूतले कवी. नोकरी मध्य प्रांतात, त्यामुळे पोराची शाळा रायपूरला आणि कॉलेज नागपूरचं, मॉरिस कॉलेज. तिथून केंब्रिज, बॅरिस्टरी आणि १९३० ला परत नागपुरात वकिली. काही वर्षं त्यांनी तिथल्या लॉ कॉलेजात शिकवलंही. १९४३ मध्ये, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे ॲडव्होकेट जनरल झाले. १९४६ ला नागपूर हायकोर्टाचे न्यायाधीश, १९५४ ला मुख्य न्यायाधीश. मधल्या काळात, १९४८ मध्ये त्यांनी पुष्पा शहा यांच्याशी लग्न केलं. फाळणीच्या दुसऱ्या वर्षी मुस्लिम न्यायाधीश आणि हिंदू मुलगी, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

१९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला आणि हिदायतुल्ला नव्या मध्य प्रदेशाच्या हायकोर्टात, जबलपूरला गेले. १९५८ मध्ये ते सुप्रीम कोर्टात पोचले.

आता पत्त्यांची केस. १९६३ साली पोलिसांनी सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर धाड टाकली. आत पैसे लावून रमी चालू होती. खेळणाऱ्यांसोबत क्लब चालवणाऱ्यांवरही खटला झाला. खालच्या कोर्टात शिक्षा, हायकोर्टात सुटका, मग राज्य सरकारचं अपील. नोव्हेंबर १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. तो लिहिला हिदायतुल्लांनी.

त्यांचा मुद्दा साधा होता. पत्ते पिसले की वाटप नशिबाचं, हे खरं. पण ते ब्रिजमध्येही असतंच. रमीत कुठला पत्ता पडला हे लक्षात ठेवावं लागतं, कुठला धरायचा नि कुठला टाकायचा हे ठरवावं लागतं. त्यामुळे रमीत कौशल्याचा वाटा मोठा. तीन पत्त्यांचा खेळ मात्र त्यांनी निव्वळ नशिबाचा ठरवला. (तीन पत्तीतले पट्टीचे खेळाडू हे कधीच मान्य करणार नाहीत.)

पडलेले पत्ते लक्षात ठेवण्याने काय फरक पडतो, हे पोकरमधल्या सेव्हन कार्ड स्टडमध्ये लख्ख दिसतं. प्रत्येकाला एकूण सात पत्ते, तीन झाकलेले, चार सगळ्यांसमोर उघडे. त्यातल्या पाचांचा डाव लावायचा. समजा तुमच्याकडे चार बदाम आले, पाचवा हवाय. गड्डीतले १३ पैकी नऊ बदाम बाकी. पण समोरच्यांच्या उघड्या पत्त्यांत पाच बदाम दिसून गेले असतील, तर उरले फक्त चार. डाव सोडणाऱ्याचे पत्ते बाजूला जातात, ते ज्याच्या डोक्यात राहिले तोच वेळेवर उठतो. बाकीचे पाचव्या बदामाच्या आशेवर पैसे लावत बसतात. म्हणूनच स्टडमध्ये पहिले तीन पत्ते हाती येताच इतरांचे उघडे पत्ते बघून खेळायचं की सोडायचं हे ठरवतात. तीन पत्तीत दुसऱ्याचं काही दिसतच नाही.

पोकरवर मात्र हिदायतुल्लांनी निकाल दिलेला नाही. त्यावर हायकोर्टांत एकमत नाही, गुजरात हायकोर्टाने तर २०१७ मध्ये त्याला नशिबाचा खेळ म्हटलं.

रमीच्या निकालात एक अटही होती, आणि पुढे जाहिरातींनी नेमकी तीच गाळली. क्लब फक्त जागेचे, सोयीचे पैसे घेत असेल तर ठीक. पण पैसे लावून चाललेल्या डावातून मालक स्वतः नफा काढत असेल, तर तो गुन्हा ठरू शकतो, हेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. क्लबविरुद्ध तसा पुरावा नव्हता, म्हणून ते सुटले.

फेब्रुवारी १९६८ मध्ये हिदायतुल्ला सरन्यायाधीश झाले. १९६९ ला राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले, कार्यवाहक राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी निवडणूक लढवायला राजीनामा देऊन बाहेर पडले आणि महिनाभर देशाचं राष्ट्रपतिपद सांभाळलं सरन्यायाधीशांनी. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन त्याच दिवसांत दिल्लीला येऊन गेले. १९७९ ते १९८४ हिदायतुल्ला उपराष्ट्रपती होते. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

तेव्हा मोबाईलवर रमी खेळता येईल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पुढे ॲपवाल्यांनी कौशल्याचा खेळ हे बिरूद मिरवलं ते याच निकालाच्या जोरावर, आणि प्रत्येक डावातून आपला वाटाही कापला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळच बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. टेबलावर बसून खेळल्या जाणाऱ्या रमीबद्दलचा १९६७ चा निकाल मात्र अजून जागेवर आहे, त्यातल्या अटीसकट.