आरी हागेन-स्मिट : धुरक्यातला ओझोन शोधणारे रसायनशास्त्रज्ञ

ओझोन म्हटले की आपल्याला उंच आकाशातला, सूर्याची अतिनील किरणे अडवणारा थर आठवतो. पण हाच वायू जमिनीलगतच्या हवेत वाढला तर तो प्रदूषक ठरतो. मोटारींच्या धुरापासून तो कसा तयार होतो, हे पहिल्यांदा दाखवून दिले आरी यान हागेन-स्मिट यांनी.

त्यांचा जन्म १९०० साली नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे झाला. तेथील विद्यापीठातून १९२९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. वनस्पतींमधील सुगंधी द्रव्ये आणि वाढीची संप्रेरके हे त्यांचे अभ्यासाचे विषय. १९३७ पासून ते कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील कॅलटेक या संस्थेत होते. अननसाचा वास नेमका कोणत्या द्रव्यांमुळे येतो, याचाही शोध त्यांनी घेतला.

शेजारच्या लॉस एंजेलिसमध्ये मात्र वेगळाच वास पसरला होता. १९४३ च्या उन्हाळ्यात शहरावर दाट धुरके उतरले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसा खवखवू लागला. युद्धाचे दिवस असल्याने काहींना शत्रूचा वायुहल्ला झाल्याची शंका आली. मग संशय एका रबर कारखान्यावर गेला. तो बंद ठेवूनही धुरके हटेना. लंडनप्रमाणे गंधकयुक्त धूर हेच कारण असावे, असे अनेक तज्ज्ञ मानत होते. पण इथे पालेभाज्यांची पाने वेगळ्याच प्रकारे करपत होती आणि टायरना लवकर भेगा पडत होत्या.

हागेन-स्मिट यांनी अननसासाठी वापरलेली युक्तीच इथे वापरली. पॅसाडेनाची हवा त्यांनी अतिशय थंड केलेल्या नळीतून ओढली. हाती आले ते उग्र वासाच्या तपकिरी द्रवाचे काही थेंब. त्यांत हायड्रोकार्बनांचे ऑक्सिडीकरण होऊन बनलेली द्रव्ये होती. पुढे त्यांनी बंद कक्षात पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांवर प्रकाश सोडला आणि प्रयोगशाळेतच धुरके तयार झाले.

यामागची प्रक्रिया अशी : सूर्यप्रकाशात नायट्रोजन डायऑक्साइडपासून ऑक्सिजनचा एक अणू सुटतो. तो हवेतल्या ऑक्सिजनला जोडला गेला की ओझोन बनतो. हायड्रोकार्बने ही साखळी चालू ठेवतात. म्हणजे ओझोन कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. तो हवेतच तयार होतो. म्हणूनच त्याचा उगम इतकी वर्षे सापडत नव्हता.

हा निष्कर्ष अनेकांना अडचणीचा होता, कारण दोष मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांच्याकडे जात होता. तेल उद्योगाच्या पैशातून या प्रश्नावर काम करणाऱ्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेने त्यांच्या कामावर आक्षेप घेतले. कॅलटेकमध्येच झालेल्या एका व्याख्यानात ही टीका त्यांना ऐकावी लागली. ते चिडले आणि वनस्पतींचे संशोधन मागे ठेवून धुरक्याच्याच कामाला लागले. १९५२ मध्ये त्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ताणलेल्या रबराला किती वेळात भेगा पडतात, यावरून ते ओझोनचे प्रमाण जोखत. काही वर्षांतच त्यांचे म्हणणे मान्य झाले.

१९६८ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या वायुसंपदा मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. मोटारींतून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडांवर अमेरिकेत पहिली मर्यादा या मंडळानेच १९७१ मध्ये घातली. १९७७ मध्ये पॅसाडेना येथे त्यांचे निधन झाले. लॉस एंजेलिसमधील ओझोन त्या काळच्या मानाने आज बराच उतरला आहे, पण अजूनही तो मर्यादेत आलेला नाही.

ओझोनमुळे श्वसनमार्गाला सूज येते, खोकला होतो, छाती भरून येते आणि दम्याचा त्रास बळावतो. पिकांचे उत्पादनही घटते. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार आठ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. हा वायू उन्हात तयार होत असल्याने त्याचे प्रमाण बहुधा दुपारी सर्वाधिक असते. त्यामुळे आकाश निरभ्र दिसले तरी हवा शुद्ध असेलच असे नाही. दम्याच्या रुग्णांनी आणि लहान मुलांनी अशा दिवशी दमछाक होणारे खेळ व व्यायाम सकाळीच उरकावेत.