पुढची वाट

गिरणीच्या भोंग्याबरोबर जागे होणारे सोलापूर हे कष्टकऱ्यांचे शहर. याच शहरात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. मध्यम स्थितीतील मोठ्या कुटुंबात ते वाढले. मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते डॉक्टर झाले. पुढील अभ्यास करावा, स्थिर व्हावे आणि घराला हातभार लावावा, असा सरळ मार्ग त्यांच्यापुढे होता.

परंतु १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. चीनचे सेनानी जू दे यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी त्यासाठी देशाला आवाहन केले. भारत तेव्हा स्वतःच परतंत्र होता. तरीही लोकांनी निधी दिला आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी यांच्यासमवेत सत्तावीस वर्षांचे कोटणीसही बोटीत चढले. परक्या देशात काय वाढून ठेवले आहे, हे त्यांपैकी कोणासही ठाऊक नव्हते.

चीनमध्ये शहरांवर बाँब पडत होते. त्यातून वाट काढीत पथक १९३९ च्या आरंभी येनानला पोहोचले. तत्पूर्वीच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली होती. घरची ओढ आणि हाती घेतलेले काम यांच्यामध्ये त्यांचे मन किती ओढले गेले असेल! अशा वेळी ते परतते, तर त्यांना कोणीही दोष दिला नसता. परंतु ते पुढे गेले.

१९४० पर्यंत त्यांचे तीन सहकारी मायदेशी परतले. कोटणीस व बसू मागे राहिले. उत्तर चीनच्या डोंगराळ प्रदेशात, रणभूमीजवळच्या खेड्यांत कोटणीसांनी काम सुरू केले. तेथे औषधे अपुरी आणि साधने थोडी. १९४० मधील एका लढाईत तर त्यांनी सतत बहात्तर तास, झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या. त्या लढाईत आठशेहून अधिक जखमींवर त्यांनी उपचार केले.

याच प्रदेशात कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून हे आधी सेवा करीत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १९३९ मध्ये ते मरण पावले होते. या कामात डॉक्टरांच्याही प्राणांवर कसे बेतते, याचे हे उदाहरण समोर असतानाही, १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद कोटणीसांनी स्वीकारले. ते चिनी भाषा शिकले व त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. आपल्यामागे हे काम करणारे हात तयार झाले पाहिजेत, ही त्यांची तळमळ होती.

तेथील परिचारिका-शिक्षिका गुओ चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ मध्ये त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत व हुआ म्हणजे चीन. चोहोकडे युद्ध पेटले असताना बाळाला असे नाव देणे, म्हणजे उद्याच्या दिवसावर विश्वास ठेवणेच होते.

परंतु अतिश्रमांनी शरीर खचले होते. त्यांना अपस्माराचे झटके येत. विश्रांती घेण्याचा सल्ला मिळूनही त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

युद्ध १९४५ मध्ये संपले. चीनवरील आक्रमणाचा शेवट पाहण्यास डॉक्टर उरले नव्हते. यश मिळेल की नाही, हे न कळताच त्यांनी आपले सर्वस्व दिले होते. भय त्यांच्या वाटेवर पावलोपावली उभे होते. तथापि भय नाहीसे होण्याची वाट पाहत ते थांबले नाहीत. समोरचा जखमी वाचेल, या श्रद्धेने त्यांनी दर वेळी शस्त्र हाती घेतले. चीनमधील शिजियाझुआंग शहरात त्यांचे स्मारक आहे आणि सोलापुरातील त्यांच्या घराचेही स्मारक झाले आहे. एका डॉक्टरच्या श्रद्धेने हजारो कोसांवरची ही दोन गावे कायमची जोडली आहेत.