मादाम क्यूरी आणि शिशाचे कवच

लेकराला एक्स-रेच्या टेबलावर निजविताना काळजात धस्स झाले नाही अशी आई विरळाच. बाळाच्या अंगावर शिशाचा एप्रन घालणार ना, हा प्रश्न ओठांवर येतोच. या काळजीशी एका थोर स्त्रीचे चरित्र निगडित आहे. मंडळाच्या वर्धापनदिनी ते भगिनींपुढे ठेवावेसे वाटते.

मेरीचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंडमधील वॉर्सा येथे झाला. दहाव्या वर्षी आई क्षयाने गेली. बहिणीच्या वैद्यकीय शिक्षणासाठी मेरीने परक्या घरी मुले शिकविण्याची नोकरी धरली आणि १८९१ साली ती स्वतः शिकावयास पॅरिसला गेली. १८९५ साली पिएर क्यूरी यांच्याशी तिचा विवाह झाला. १८९८ साली उभयतांनी पोलोनियम व रेडियम शोधून काढले. १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९०६ साली घोडागाडीखाली सापडून पती गेले. पदरी दोन लहान मुली. परंतु बाई खचल्या नाहीत. १९११ साली दुसरे नोबेल त्यांनी एकटीने मिळविले.

१९१४ साली महायुद्ध पेटले. जखमी शिपायांच्या अंगातील गोळ्या दिसाव्यात म्हणून बाईंनी मोटारींत एक्स-रे यंत्रे बसविली व त्या रणभूमीजवळ गेल्या. सतरा वर्षांची लेक आयरीनही सोबत होती. सुमारे १५० स्त्रियांना त्यांनी हे काम शिकविले. मात्र किरणांपासून स्वतःच्या बचावाची साधने तेव्हा अगदी तुटपुंजी होती.

४ जुलै १९३४ रोजी, शरीरात रक्तच पुरेसे तयार होऊ नये अशा व्याधीने त्यांचा अंत झाला. १९९५ साली त्यांची शवपेटी उघडली, तेव्हा किरणोत्सार अपेक्षेहून कमी आढळला. रेडियमपेक्षा युद्धातील एक्स-रेनेच घात केला असावा, असे अनुमान तज्ज्ञांनी काढले. आयरीनही १९५६ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली.

अशा अनुभवांतून जग सावध झाले. मुलांच्या वाढत्या पेशींना किरणे अधिक बाधतात, म्हणून त्यांच्या ओटीपोटावर शिसे ठेवण्याची रीत कित्येक दशके चालली. आता यंत्रे सुधारली, किरणे पुष्कळ कमी लागतात. उलट शिसे आड आल्यास हवे ते हाड झाकले जाते व चित्र पुन्हा काढावे लागते. शिवाय शरीराच्या आत विखुरणारी किरणे वरच्या शिशाने अडत नाहीत. म्हणून २०१९ साली अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने ही रीत सरसकट पाळू नये, असे सुचविले.

तेव्हा भगिनींनो, चिंचवड, भोसरी वा चाकणला बाळाला एप्रन घातला नाही, तर ती हयगयच झाली असे समजू नका. हा एक्स-रे खरोखर हवा आहे का, हे डॉक्टरांना विचारा. जुने फोटो सोबत न्या. बाळ हलू नये म्हणून त्याला धरणाऱ्या माणसाने मात्र एप्रन अवश्य घालावा. गरोदर स्त्रीने खोलीबाहेरच थांबावे. जे ज्ञान मादाम क्यूरींना मिळाले नाही, ते आपल्या हाती आहे. त्याचा उपयोग करणे हेच त्यांचे खरे स्मरण.