डॉ. आनंदीबाई जोशी : दुखणे बोलून दाखवणारी तरुणी



आजाऱ्यांना भेटण्यासाठी घरोघर जाताना एक गोष्ट आम्ही नेहमी पाहतो. उंबऱ्यातच घरातले कोणीतरी आम्हाला थांबवते आणि आजाराचे नाव आत काढू नका, असे हळू आवाजात विनवते. आत खाटेवर असलेला माणूस म्हातारा असतोच असे नाही. कधी तो पंचविशीतला मुलगा असतो, कधी नुकती लग्न होऊन आलेली सून असते. गाठ कसली आहे, पुण्याला कशासाठी न्यायचे, कोणते ऑपरेशन ठरले आहे, हे घरात सर्वांना ठाऊक असते. ज्याच्या अंगात दुखणे आहे, त्यालाच कोणी काही विचारलेले नसते. पुष्कळदा त्यालाही सगळे कळलेले असते. पण घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तोही गप्प राहतो.

अशा घरातून परत येताना आम्हाला डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. अमेरिकेत जाऊन डॉक्टरची पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्यांना कर्करोग नव्हता, क्षय होता. पण आजारी माणसाला आपले दुखणे मोकळेपणाने सांगता येते का, या एका प्रश्नापायी त्यांनी आपले छोटे आयुष्य वेचले. म्हणून आज त्यांचे चरित्र थोडक्यात पाहू.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव विधुर होते आणि वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे होते. बायकोने शिकलेच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. त्या काळी ही मोठीच गोष्ट. पण त्यांची शिकवण्याची रीत कडक होती आणि अभ्यासासाठी त्या लहान मुलीने मारही खाल्ला. हे लपवून त्यांचे चरित्र सांगणे बरोबर होणार नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, ही गोष्ट त्यांच्या मनाला कायमची लागून राहिली. त्या काळच्या बायका पुरुष डॉक्टरपुढे आपले दुखणे उघड करत नसत. लाजेने अंगावर काढत, आणि पुष्कळ जणी त्यातच जात. औषध होते, डॉक्टरही होते. पण दुखणे डॉक्टरपर्यंत पोहोचतच नव्हते. आनंदीबाईंनी ठरवले की आपण डॉक्टर व्हायचे.

गोपाळरावांनी १८८० च्या सुमारास रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला मदतीसाठी लिहिले. मदतीसाठी ख्रिस्ती होण्याची अपेक्षा समोर आली. ती जोशी पतिपत्नींनी मानली नाही. मात्र तो पत्रव्यवहार अमेरिकेत छापून आला आणि न्यू जर्सीतील थिओडिसिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आला. एका अनोळखी मुलीसाठी त्यांचा जीव कळवळला. पत्रे सुरू झाली आणि त्यांतून मावशी-भाचीचे नाते जुळले.

याच सुमारास आनंदीबाईंची प्रकृती बिघडू लागली होती. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप, कधी धाप. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली, पण गुण आला नाही.

गोपाळरावांची बदली तेव्हा बंगालमध्ये झाली होती. एकटी बाई परदेशी जाणार म्हणून चहूकडून टीका सुरू झाली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई स्वतः बोलायला उभ्या राहिल्या. अठरा वर्षे पुरी व्हायला महिना बाकी होता. लोक आपल्याबद्दल जे जे प्रश्न विचारत होते ते सगळे त्यांनी एकेक करून घेतले आणि एकेकाचे उत्तर दिले. इथेच का शिकत नाही? एकटी कशी जाशील? जात वाळीत टाकील त्याचे काय? परदेशात काही संकट आले तर? कोणत्याच बाईने केले नाही ते तूच का करतेस? आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हेही त्यांनी स्पष्ट केले. त्यांच्या वतीने कोणी पुढारी बोलला नाही, नवराही बोलला नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून बोट निघाली आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच उन्हाळ्यात त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नाही, हे त्यांनी त्यात लपवले नाही. आपल्या देशातल्या बायकांना स्त्री-डॉक्टरची किती गरज आहे ते सांगून त्यांनी सवलत मागितली. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांना आईची माया दिली.

तिथली थंडी कडक होती. साडी आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. अभ्यासाचा ताण होताच, आणि शरीर आधीच पोखरलेले होते. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्याच वर्षी कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्री-विभागाची जबाबदारी घेण्यासाठी त्यांना बोलावणे आले. पण मायदेशी उतरल्या तेव्हा क्षयाने त्यांना पुरते घेरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या.

क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधले होते. त्यावर औषध मिळायला मात्र १९४३ साल उजाडावे लागले. म्हणजे आनंदीबाईंनी आपले दुखणे कितीही ओरडून सांगितले असते तरी तेव्हा कोणापाशी इलाज नव्हता. आज आपली स्थिती तशी नाही. मुंबईला परळ येथे टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून कर्करोगावर उपचार करत आहे. तरुण वयात होणारे रक्ताचे आणि लसिकाग्रंथींचे काही कर्करोग वेळेत उपचार झाले तर पुष्कळदा बरे होतात. इलाज आहे आणि तरी आपण गप्प आहोत, याला काय म्हणावे?

म्हणून आमच्या तरुण मुला-मुलींना आमचे सांगणे आहे. तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, छातीत, मानेत किंवा वृषणाच्या पिशवीत हाताला लागणारी गाठ, पाळी नसताना जाणारे रक्त, कारण नसताना घटणारे वजन यांतले काही दिसले तर लपवू नका. तुमचे वय लहान आहे, तुम्हाला कशाला काही होईल, असे म्हणून कोणी परत पाठवले आणि त्रास तसाच राहिला, तर पुन्हा जा. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

निदान झाले तर समोर बसून विचारा. आजार कोणता, किती पसरला आहे, कोणकोणते उपचार आहेत, प्रत्येकाचा त्रास काय आणि खर्च किती? पुढे मूलबाळ होण्यावर परिणाम होईल का, हा प्रश्न केमोथेरपी सुरू होण्याआधी विचारायचा असतो. लाजेमुळे तो राहून जातो आणि मग वेळ निघून गेलेली असते. प्रश्न घरीच कागदावर लिहून न्या. तुमच्या तपासण्यांचे कागद तुमचे आहेत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरांनी ते ७२ तासांत द्यायचे असतात. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णावर शस्त्रक्रिया करायची तर तातडीचा प्रसंग सोडून संमती त्याचीच लागते, त्याच्या आईचीसुद्धा चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे रेशन कार्ड घेऊन चौकशी करावी.

आणि आई-वडिलांना एक विनंती. तुम्ही मायेपोटी लपवता, हे आम्हाला समजते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही शिकलो होतो की माणूस म्हणजे वस्तू नव्हे. तेव्हा ते वाक्य परीक्षेपुरते पाठ केले. त्याचा अर्थ आजाऱ्यांच्या खाटेशी बसू लागल्यावर कळला. ज्याच्याबद्दल सगळे बोलतात पण ज्याच्याशी कोणी बोलत नाही, त्याला आपण नकळत वस्तू करून टाकतो. आजार त्याचा आहे, तर निर्णयही त्याचा असू द्या. तुम्ही सोबत बसा, गाडीभाड्याचे पाहा, डॉक्टर काय म्हणाले ते लिहून घ्या. पण डॉक्टरांनी कसे वाटते असे विचारले, तर उत्तर त्याला देऊ द्या. त्याला काहीच जाणून घ्यायचे नसेल तर तेही त्यानेच सांगावे, तुम्ही ठरवू नये.

बोलल्याने प्रत्येक जण बरा होतोच असे आम्ही म्हणणार नाही. आनंदीबाई बऱ्या झाल्या नाहीत. पण जी बाई स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलू शकत नव्हती, तिच्यासाठी त्या सात समुद्र ओलांडून गेल्या. आपल्याला तर पाथर्डीपर्यंत किंवा नगरपर्यंतच जायचे आहे. कोणाला एकट्याने जायची भीती वाटत असेल तर मिस्सा झाल्यावर आम्हाला भेटावे. आम्ही सोबत येऊ. दवाखान्यात बोलायचे मात्र तुम्हीच.

तुमचे धर्मगुरू