वाटाण्याच्या वाफ्यातील धर्मगुरू : ग्रेगोर मेंडेल

शेतकरी कुटुंबात १८२२ साली जन्मलेले मेंडेल १८४३ मध्ये ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठात दाखल झाले. १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. शिक्षकपदाची परीक्षा मात्र त्यांना कधीच उत्तीर्ण होता आली नाही! मठाच्या बागेत आठ वर्षे वाटाण्याची सुमारे २८,००० रोपे तपासून त्यांनी आनुवंशिकतेचे नियम शोधले. १८६६ साली छापलेला तो निबंध दुर्लक्षितच राहिला. ६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, ते प्रभुचरणी विलीन झाले. जगाला त्यांची थोरवी कळली १९०० साली.

आपण जिचे वरण खातो ती तूरही संशोधकांकडून दीर्घकाळ उपेक्षितच होती. २०११ साली हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेच्या पुढाकाराने तिच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. आता कोवळ्या रोपाचे पान तपासूनही काही गुण ओळखता येतात; मेंडेल यांना त्यासाठी हंगामामागून हंगाम थांबावे लागे.