क्लॅरन्स जॉर्डन : दुसऱ्यांच्या घरांचा पाया घालणारा शेतकरी

ज्या पुरुषाच्या विचारांतून पुढे देशोदेशींच्या अगणित गरीब कुटुंबांस स्वतःचे घर लाभले, त्यास आपल्या हयातीत त्यांपैकी एकही घर पुरे झालेले पाहावयास मिळाले नाही. त्याचे चरित्र आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस बोधपर वाटेल, म्हणून ते येथे थोडक्यात देतो.

क्लॅरन्स जॉर्डन ह्यांचा जन्म ता. २९ जुलै १९१२ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेस जॉर्जिया संस्थानात टॅलबटन गावी एका खाऊनपिऊन सुखी अशा कुटुंबात झाला. त्या प्रांती पूर्वी काळे लोक गोऱ्यांचे गुलाम असत. गुलामगिरी कायद्याने बंद झाली, तरी काळ्यांचा वास निराळा, त्यांच्या शाळा निराळ्या, देऊळही निराळे. जॉर्डन ह्यांच्या घरानजीक तुरुंग होता. लहानपणी एकदा उपासनेत तेथील अधिकारी मोठ्या भक्तिभावाने गीत गाताना त्यांनी पाहिला. त्याच रात्री तुरुंगातून एका काळ्या कैद्याचे कण्हणे त्यांच्या कानी पडले. त्या कैद्याचे शरीर यंत्रावर ताणून त्याचा छळ करणारा तोच अधिकारी होता. मुखी स्तोत्र आणि हाती असे कर्म, हे कोडे त्या मुलाच्या अंतःकरणात काट्यासारखे रुतून राहिले.

गरीब कुळांस शेती सुधारण्यास साहाय्य करावे, ह्या हेतूने त्यांनी जॉर्जिया विद्यापीठात शेतकीचा अभ्यास केला आणि १९३३ साली पदवी मिळविली. परंतु केवळ पीक वाढल्याने मनुष्याचे दैन्य फिटत नाही असे वाटून ते लुईव्हिल येथील बॅप्टिस्ट धर्मविद्यालयात गेले व ग्रीक नव्या करारात पारंगत झाले. तेथे असतानाच १९३६ साली त्यांचा विवाह झाला. त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स ह्यांनी पुढील सर्व संकटांत त्यांची साथ दिली.

१९४२ साली ब्रह्मदेशात मिशनकार्य केलेले मार्टिन इंग्लंड व त्यांची पत्नी ह्यांच्यासह जॉर्डन दांपत्याने अमेरिकस गावानजीक ४४० एकर पडीक जमीन घेतली. तिला त्यांनी ‘कोइनोनिया’, म्हणजे सहभागिता, असे नाव दिले. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या मंडळीचे जे वर्णन आहे, तसे सर्व काही समाईक ठेवून राहावयाचे, असा त्यांचा निश्चय होता. शेजारच्या गरिबांसाठी त्यांनी दुभत्या गायी ठेविल्या. ज्याच्या घरी दूध नसे त्याने गाय फुकट न्यावी, ती आटली म्हणजे परत आणावी आणि दुसरी न्यावी. गोरे आणि काळे तेथे बरोबरीने राबत, आणि दुपारी एकाच मेजावर जेवत. पंक्तिभेदाचे दुःख आपल्या लोकांस ठाऊकच आहे. ही एक पंगत त्या प्रांती केवढे धाडस होते, हे त्यांस निराळे सांगावयास नको.

१९५० साली हिंदुस्थानातून शिकावयास गेलेला एक विद्यार्थी कोइनोनियात पाहुणा आला. ख्रिस्ती उपासना पाहावी अशी त्याची इच्छा दिसल्यावरून त्यास गावच्या देवळात नेले. त्याचा सावळा वर्ण पाहून मंडळी बिथरली, आणि त्याच वर्षी कोइनोनियाच्या लोकांची नावे सभासदांच्या यादीतून काढून टाकण्यात आली. १९५६ साली दोन काळ्या विद्यार्थ्यांस वरिष्ठ शाळेत प्रवेश मिळावा म्हणून जॉर्डन ह्यांनी खटपट केली, तेव्हा तर कहर झाला. दुकानदारांनी बी-बियाणे व खत देण्याचे बंद केले, पेढ्यांनी कर्ज नाकारले, रात्री गोळ्या झाडल्या गेल्या, रस्त्यालगतचे विक्रीचे दुकान सुरुंगाने उडविले. बाजार बंद झाला, म्हणून त्यांनी पेकन नावाचा अक्रोडासारखा मेवा टपालाने दूरदूरच्या गिऱ्हाइकांस पाठविण्यास आरंभ केला आणि त्यावर गुजराण केली. त्यांनी हात उगारला नाही व स्थानही सोडिले नाही.

तथापि १९६८ सालापर्यंत तेथे मोजकीच माणसे उरली. शेत विकून टाकावे की काय, असा विचार चालू होता. इतक्यात मिलर्ड फुलर नावाचे वकील, ज्यांनी आपली मोठी दौलत सोडून दिली होती, ते जॉर्डन ह्यांस येऊन मिळाले. दोघांनी भोवतालच्या कुळांकडे पाहिले. ती माणसे फळ्यांच्या मोडक्या खोपटांत राहत. पिढ्यानुपिढ्या दुसऱ्याचे शेत कसून त्यांस स्वतःची वीतभर जागा नव्हती, आणि कर्ज द्यावयास कोणी तयार नव्हते. जॉर्डन ह्यांचे मत असे पडले की, गरिबास भिक्षा नको, भांडवल पाहिजे. आणि धनवानासही दान देऊन मोठेपणा मिरविण्यापेक्षा भागीदार होण्याची अधिक गरज आहे.

म्हणून त्यांनी एक निधी उभारिला. शेताच्या कडेची जमीन अर्ध्या अर्ध्या एकराचे ४२ तुकडे पाडून घरांसाठी राखून ठेविली. बांधकामास स्वयंसेवक हात लावीत. घर पुरे झाल्यावर ते कुटुंबास फुकट द्यावयाचे नाही, तर लागत आली तितक्याच किमतीस विकावयाचे. नफा नाही, आणि मोशेच्या नियमशास्त्रात गरिबाकडून व्याज घेण्यास मनाई आहे म्हणून व्याजही नाही. किंमत २० वर्षांत हप्त्याहप्त्याने फेडावी, आणि आलेला प्रत्येक हप्ता पुढच्या घराच्या विटांस लागावा, अशी योजना होती. येणेप्रमाणे घेणारा तोच देणाराही होई. आटलेली गाय परत आणून दुसऱ्याची सोय करण्याचीच ही रीत, आता घरांस लागू झाली.

पहिल्या घराचे काम चालू असताना, ता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी, आपल्या लिहिण्याच्या झोपडीत बसले असता जॉर्डन ह्यांचा हृदयविकाराने अंत झाला. वय अवघे ५७ वर्षांचे. मृत्यूची चौकशी करणारा सरकारी अधिकारी शेतावर येईना, तेव्हा फुलर ह्यांनी स्वतःच्या मोटारीतून देह गावात नेला. साध्या लाकडी पेटीत घालून त्यांस त्याच शेतात पुरले. कबरेवर नावाचा दगडही नाही.

पण घर थांबले नाही. ते पुरे झाले, त्यामागून दुसरे उभे राहिले. फुलर व त्यांची पत्नी लिंडा ह्यांनी हीच रीत आफ्रिकेतील झाईर देशात चालवून पाहिली, आणि १९७६ साली अमेरिकस येथे ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था स्थापिली. १९८३ साली तिचे काम भारतात खम्मम येथे सुरू झाले. २००६ साली आपल्या लोणावळ्यानजीक मळवली येथे अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर सपत्नीक आले आणि देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी घरधन्यांच्या खांद्यास खांदा लावून १०० घरे उभारण्याचे काम केले. हे कार्टर कोइनोनियाच्या शेजारच्याच प्लेन्स गावचे. ज्या प्रांताने जॉर्डन ह्यांस बी-बियाणेही विकले नाही, त्याच प्रांताचा मनुष्य त्यांचे बीज घेऊन मावळापर्यंत आला.

प्रिय वाचकहो, ज्या देवळातून जॉर्डन ह्यांचे नाव काढिले गेले, तेथेही स्तोत्रे गाइली जात होती. आपल्या गावी कोणाचे छप्पर गळत असेल, कोणाची भिंत खचली असेल. पावसाळ्यापूर्वी चार हातांनी दोन दिवस कुदळ-थापी धरिली, आणि ज्याचे घर त्यानेही पुढे दुसऱ्याच्या भिंतीस हात लाविला, तर ह्या शेतकऱ्याचा निधी आपल्या गावातही चालू झाला असे समजावे.